‘तासभर बघशील का त्याच्याकडे?’ हे मोठ्या मुलाला कधी विचारावं

मे महिन्यात पाळणाघर बंद असतं, सांभाळणाऱ्या मावशी गावाला गेलेल्या असतात, आजीच्या गुडघ्यांनी जिने चढणं सोडलेलं असतं आणि ऑफिसला सुट्टी नसते. मग नजर जाते ती घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे. उंची आईएवढी झालेली, मिसरूड फुटायला लागलेलं, ऑनलाइन बिलं भरण्यात बापापेक्षा हुशार. चार वर्षांच्या धाकट्याला तासभर बघायला काय हरकत आहे?

हरकत असेलच असं नाही. पण उंची, मार्क आणि मोबाइलवरची हुशारी या तिन्हींवरून काहीच कळत नाही. ज्यावरून कळतं ती गोष्ट साधी आहे: हातून काही बिघडलं की हे मूल तुम्हाला लगेच आणि खरं सांगतं का? काच फुटली तर तुकडे केरात लपवणारं मूल धाकटा पलंगावरून पडल्याचंही लपवेल. डोक्याला मार लागल्यावर पहिला तास असा लपवण्यात गेला, तर पुढे डॉक्टरांनाही ते महागात पडतं.

कायद्यात वय लिहिलंय का

अमुक वयाखालच्या मुलाला घरी एकटं ठेवू नये किंवा अमुक वयापासून दुसरं मूल सांभाळायला द्यावं, असा आकडा आपल्या कायद्यात नाही. याचा अर्थ मोकळीक आहे असा मात्र नव्हे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं किंवा मूल वाऱ्यावर सोडलं आणि त्यातून मुलाला त्रास होण्यासारखा असला, तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही जबाबदारी आईबापाची आहे. चौदा वर्षांच्या ताईवर ती सरकत नाही.

परदेशातल्या मराठी घरांनी तिथले नियम पाहून घ्यावेत, कारण ते एकसारखे नाहीत. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाजवळ निदान 13 वर्षांचं, भरवशाचं माणूस असावं असा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये कायद्यात वय नाही, पण मुलांसाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था सोळाच्या आतल्या मुलाला बाळ सांभाळायला देऊ नका असं सांगते. अमेरिकन रेड क्रॉसचा बेबीसिटिंगचा अभ्यासक्रम 11 वर्षांपासून करता येतो. 11, 13, 16 असे तीन ठिकाणचे तीन आकडे पाहिले की वयाचा आकडा ही फक्त खालची रेघ आहे हे लक्षात येतं.

ती रेघ आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या घरासाठी आम्ही अशी धरतो. 11-12 व्या वर्षी मोठ्यांच्या घरातल्या हजेरीत मदतनीस, एवढंच. तेराव्या वर्षी दिवसाउजेडी अर्धा ते एक तास, तेही धाकटा चारच्या पुढचा असेल तर. 14-15 ला दोन तास, फार तर तीन. रात्रीची वेळ, आजारी मूल किंवा एकाहून जास्त मुलं असतील तर सोळानंतर. वर्षाच्या आतलं बाळ मात्र सोळाव्या वर्षीही कोणी मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय देऊ नका. बाळाला बोलता येत नाही आणि त्याचं बिघडतं ते मिनिटांत. मान धरणं, दूध पाजून ढेकर काढणं, पाठीवर झोपवणं यातलं काहीही ‘तू बघ जरा’ एवढ्यावर शिकवता येत नाही.

पंधरा दिवस नुसतं बघा

‘जमेल का तुला?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येणार हे ठरलेलं आहे, कारण बदल्यात घरी एकटं राहायला मिळतं. त्याऐवजी पंधरा दिवस नुसतं लक्ष ठेवा.

कुकर लावा आणि सांगा, ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.’ मग तुम्ही आंघोळीला जा. हातात मोबाइल आहे, कानात इअरफोन आहेत, अशा वेळी तिसरी शिट्टी ऐकू येते का? पाचवीला बंद केला आणि ‘तीनच झाल्या’ असं म्हणालं, तर दोन गोष्टी एकदम कळल्या. लक्ष नव्हतं ही पहिली. दुसरी जास्त वाईट: थाप मारली. लक्ष देणं सवयीने सुधारतं, थापेला वेळ लागतो.

रागाची परीक्षा घ्यावी लागत नाही, धाकटा ती रोज घेतच असतो. प्रोजेक्टच्या पानावर रेघोट्या, चार्जरची वायर तोंडात, ऐन मॅचच्या वेळी टीव्हीचा रिमोट सोफ्याखाली. त्या क्षणी मोठ्याचा हात उठतो का? एखादी ओरड चालते. चिमटा, ढकलणं, दंड घट्ट पकडणं, बाथरूममध्ये कोंडण्याची धमकी यातलं काही दिसलं तर विषय सहा महिने पुढे ढकला. आणि तुम्ही समोर नसताना धाकटा त्याच्याजवळ जातो की त्याला टाळतो, तेही पाहा. तीन वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही, पण नको असलेल्या माणसापासून ते अंग चोरतं.

मोठ्याला स्वतःला एकटं राहता येतं का, हा प्रश्न आश्चर्य वाटेल इतक्या घरांत राहूनच जातो. लाइट गेले की शेजारी पळणारं, स्वतःचं ताट वाढून न घेणारं, दारावरची बेल वाजली की साखळी न लावता दार उघडणारं मूल दुसऱ्याला सांभाळायला अजून तयार नाही. आधी ते स्वतः दोन तास निभावू दे.

मित्राचा ‘खाली ये ना, पाचच मिनिटं’ असा फोन आला तर ‘आज नाही जमणार’ म्हणता येतं का? तेराव्या-चौदाव्या वर्षी हे सगळ्यात अवघड असतं, आणि नेमका तोच फोन येणार असतो.

शेवटी जोडी. मोठ्याची तयारी एकट्याने मोजता येत नाही. तेरा आणि दहा अशा अंतराच्या भावंडांत दहा वर्षांचा मोठ्याला मोजतच नाही. ‘तू कोण सांगणारा?’ इथून सुरू होतं आणि मारामारीवर संपतं. चौदा आणि पाच अशी जोडी बहुतेक वेळा सोपी जाते. दहाच्या पुढचा धाकटा असेल तर ‘दादा तुला सांभाळेल’ असं म्हणूच नका. दोघांना समोरासमोर बसवून वेगवेगळी कामं द्या: दार कोण उघडणार, जेवण कोण वाढणार, टीव्ही किती वाजता बंद.

आणि मोठ्याला हे करायचंच नसेल तर? मग ते मूल तयार नाही, बाकी सगळं जमत असलं तरी. जबरदस्तीने सोपवलेल्या मुलावरचा राग निघतो तो त्या मुलावरच.

तालीम चार पायऱ्यांत

एकदम पहिल्याच दिवशी दार ओढून घेऊन जाऊ नका. प्रत्येक पायरी निदान तीनदा झाल्यावरच पुढची.

पहिल्या पायरीवर तुम्ही घरातच असता, दुसऱ्या खोलीत, दार लोटून, एक तास. धाकटा रडत तुमच्याकडे आला तर ‘ताईला सांग’ म्हणून परत पाठवायचं. इथे बहुतेक आईबाप नापास होतात, मुलं नव्हे. सातव्या मिनिटाला आई बाहेर येते आणि तालीम संपते.

दुसरी पायरी इमारतीतली. शेजारच्या काकूंकडे, गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत अर्धा तास. फोन करायचा नाही, त्यांचा आला तर उचलायचा.

तिसरी: भाजी आणायला, दहा मिनिटांत परतता येईल इतक्या अंतरावर, एक तास. मध्ये एकदा फोन करा आणि मोठ्याच्या बोलण्यापेक्षा मागच्या आवाजाकडे कान द्या. चार वर्षांच्या मुलाच्या घरात काहीतरी आवाज असतोच. शांतता असेल तर ‘तो आत्ता कुठे आहे, काय करतोय?’ असं विचारा. ‘असेल आत’ हे उत्तर आलं तर तिसरी पायरी पुन्हा.

चौथी, दोन तास. वेळ निवडा दुपारचं जेवण आटोपल्यानंतरची, साधारण तीन ते पाच. भूक, झोप आणि अंधार या तीन गोष्टी वगळल्या की निम्मी रडारड वगळली जाते. पहिल्या काही वेळा जेवण भरवणं, आंघोळ आणि रात्रीची झोप या कामांना हात लावू देऊ नका.

काही जण ‘परीक्षा’ म्हणून ओळखीच्या माणसाला अनोळखी बनवून दारावर पाठवतात. असलं करू नका. ते कळतं, मग खरा अनोळखी माणूस आला तरी बाबांनीच पाठवला असेल असं वाटतं. दाराची तालीम उघडपणे करा. तुम्ही बाहेर उभे राहा, बेल वाजवा, कुरिअरवाला व्हा. मोठ्याने आतून, दार न उघडता म्हणायचं: ‘आई आंघोळ करतेय, पार्सल वॉचमनकडे ठेवा.’ आई घरात नाही हे बोलायचं नाही. पाच-सहा वेळा केलं की वाक्य तोंडात बसतं. मग धाकट्यालाही सांगा, कारण ‘आई बाजारात गेलीय’ हे दाराच्या फटीतून ओरडून सांगणारा तोच असतो.

घर आधी आवरा

मोठ्याने सगळीकडे लक्ष ठेवावं अशी अपेक्षा धरण्यापेक्षा लक्ष ठेवण्याच्या जागाच कमी करा.

स्वयंपाकघरात सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जा. खायचं आधीच करून डब्यात, दूध कोमट थर्मासमध्ये. दूध ‘फक्त गरम करायचं’ असतं तेव्हाच धाकटा पडतो आणि दूध उतू जातं, किंवा उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस सुटतच राहतो. सोळाच्या आतल्या मुलाने लहान मूल सांभाळताना गॅस पेटवायचा नाही हा नियम सगळ्यात सुटसुटीत. वास आलाच तर बटणं चालू-बंद करायची नाहीत, खिडक्या उघडून धाकट्याला घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन.

बाथरूम ही पाणी साठवणाऱ्या घरांतली खरी धोक्याची जागा. एक दिवसाआड पाणी येतं तिथे बादल्या, पिंपं, टब भरलेले असतात. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. ते बादलीत वाकलं की तोल डोक्याकडे जातो, पाय वर होतात आणि स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. बादल्या रिकाम्या करा, पिंपाला घट्ट झाकण, दाराला बाहेरून वरची कडी. गीझर बंद.

बाल्कनीत आणि खिडकीजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी, वर्तमानपत्रांची थप्पी काहीही नको. सरकत्या काचांच्या खिडकीला ग्रिल नसेल तर त्या खोलीला कुलूपच. तान्ह्यासाठी साडीची झोळी बांधलेली असेल तर ती सोडून ठेवा. चार-पाच वर्षांची मुलं तिच्यात गिरक्या घेतात आणि पीळ गळ्याशी येतो.

दाराचं लॅच. कचरा ठेवायला मोठा बाहेर आला, वाऱ्याने दार बंद झालं, दोन वर्षांचा आत, किल्ली आत. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की एक किल्ली शेजारी ठेवल्याशिवाय पहिली पायरीसुद्धा सुरू करू नका. खोल्यांच्या आतून लागणाऱ्या कड्यांवर कापड गुंडाळा किंवा त्या काढून टाका.

फिनेल आणि ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. डासांच्या मशीनची रिफिल, उंदराचं औषध, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या वरच्या कपाटात. रिमोट आणि खेळण्यांमधल्या नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्यांची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत का ते पाहा. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. म्हणून ‘शीवाटे पडेल’ म्हणून वाट बघायची नसते, थेट हॉस्पिटल. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, सीताफळाच्या बिया पाचच्या आतल्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

फ्रिजवरचा कागद

हा कागद मोठ्याने स्वतःच्या अक्षरात लिहावा. लिहिताना अर्धं पाठ होतं.

सगळ्यात वर घराचा पूर्ण पत्ता: विंग, मजला, फ्लॅट नंबर, रस्ता, जवळची ठळक खूण. हसू येईल, पण घाबरलेल्या मुलाला फोनवर स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे अगदी सर्रास होतं. खाली आई-बाबांचे नंबर, त्याच मजल्यावरच्या दोन घरांचे, वॉचमनच्या केबिनचा, डॉक्टरांचा. मग 112, रुग्णवाहिकेसाठी 108, आगीसाठी 101. मुलांची कुठलीही अडचण असेल, अगदी घरातल्याच माणसाची भीती वाटत असेल, तर 1098. धाकट्याचं वजन, कशाची ॲलर्जी आहे आणि ‘औषध: फोनवर विचारल्याशिवाय एकही नाही’ ही ओळ. तापाच्या सिरपच्या एकाच नावाच्या, पण दुप्पट ताकदीच्या बाटल्या मिळतात. बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचून डोस ठरवणं हे चौदाव्या वर्षाचं काम नव्हे.

फोन चार्ज असावा, रिचार्ज संपलेला नसावा आणि घरात रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते माहीत असावं.

हात बसायला हवेत अशा पाच गोष्टी

पहिला नियम: आधी हाक, मग फोन. शेजारच्या काकू वीस सेकंदांत येतात, तुम्ही चाळीस मिनिटांनी.

घशात अडकलं तर. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्यायचं, पाठ थोपटायची नाही. आवाज निघत नसेल, ओठ काळेनिळे पडत असतील तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी मारून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत-वर असे 5 झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली, 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 5 दाब. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, तुकडा आणखी खाली जातो. शुद्ध गेली तर 108. हे उशीवर किंवा मोठ्या बाहुलीवर करून घ्या. धडधाकट भावंडावर थापा-झटक्यांचा सराव नको.

भाजलं तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं, घड्याळ लावून. पाच मिनिटांनी मूल शांत होतं आणि सगळे तिथेच थांबतात, पण कातडीखालची उष्णता अजून उतरलेली नसते. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावायचं नाही.

डोक्यावर पडलं तर वेळ कागदावर लिहून लगेच तुम्हाला फोन, मूल हसत असलं तरी. शुद्ध हरपणं, उलट्या, झोपेची गुंगी, चालताना झोकांड्या किंवा नाका-कानातून रक्त-पाणी दिसलं तर फोनची वाट न बघता 108.

तापात आकडी आली तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टणक सामान दूर, घड्याळ बघायचं, 108. दातांत चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल नाही, पाणी नाही. शेजारून कोणी मोठं माणूस कांदा घेऊन धावत येणारच. ‘आईने नको सांगितलंय’ हे चौदा वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्यांपुढे म्हणता यावं, म्हणून ते वाक्यही तालमीत घ्या.

पाचवी गोष्ट रडण्याची. मूल वीस मिनिटं रडतंय, शू-भूक-झोप सगळं पाहून झालं, आता डोकं फिरायला लागलं, तर काय करायचं? बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवरच्या गादीवर, सुरक्षित जागी ठेवायचं, दाराबाहेर दोन पावलं जायचं, पाणी प्यायचं आणि फोन करायचा. हलवायचं नाही, गदागदा तर कधीच नाही, लहान बाळाच्या मेंदूला त्याने रक्तस्राव होतो. ‘मला नाही जमत, या’ हा फोन आला तर तो मोठ्याचा पराभव नाही हे त्याला आधीच आणि स्पष्ट सांगून ठेवा.

नेहमी बिघडतं ते कुठे

मोबाइल. मोठ्याचं लक्ष एका रीलपुरतं जातं आणि रील एक नसते. सांभाळायच्या वेळेत मोबाइल फोन करण्यापुरता, आवाज चालू ठेवून कपाटावर. इअरफोन घरात कुठेच नको. घरात अचानक शांतता झाली की उठून बघायला जायचं, हे मोठ्याच्या अंगात मुरायला हवं.

मित्र. एक मित्र ‘नुसता बसायला’ आला की दोन मोठे मिळून धाकट्याला खोलीबाहेर काढतात. त्या वेळात कोणी यायचं नाही.

तुमचा उशीर. मुंबईत जुलैमध्ये ‘सातच्या लोकलने येते’ याला काही अर्थ नसतो. रुळांवर पाणी भरलं की दोन तासांचे पाच होतात आणि मूल अंधारात, उपाशी धाकट्यासह बसतं. म्हणून पाऊस असो-नसो, दर वेळी पर्यायी माणूस ठरलेलं असावं: ‘साडेसातपर्यंत मी नाही आले तर काकू वर येतील.’ काकूंनाही हे माहीत असावं, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट हमखास राहते.

धाकट्याला आंघोळ घालणं, कपडे बदलणं हे भावंडांतही गरजेपुरतंच, दार उघडं ठेवून. कुठलाही खेळ ‘आईला सांगायचा नाही’ असा नसतो, हे दोघांना एकत्र सांगा.

ताईलाच का?

घरात चौदाचा दादा आणि बाराची ताई असेल तर काम ताईकडे जातं, हे आपल्याकडे इतकं रुळलंय की कोणी विचारतही नाही. वरच्या सगळ्या कसोट्या दादाला लावा आणि मग ठरवा. ‘मुलींना उपजत जमतं’ हे खरं नाही, त्यांना लहानपणापासून करायला लावलेलं असतं इतकंच.

याची किंमत शाळेत मोजली जाते. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली ती याचमुळे. धाकटं कडेवर असलेली मुलगी शाळेत येऊच शकत नव्हती. फ्लॅटमधल्या ताईची शाळा बुडत नसेल, पण तिचा क्लास, खेळ आणि दुपार बुडते. आठवड्यातून दोनदा, तीही आधी विचारून, याच्या वर जात असेल तर पाळणाघराचा खर्च करा. दहावीच्या वर्षी अजिबात नाही.

शेजारच्यांचं मूल, पैसे घेऊन

2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायलाच बंदी आहे. शाळेबाहेरच्या वेळात स्वतःच्या घरी मदत करणं त्यातून वगळलंय. म्हणजे आपल्या भावाला बघणं चालतं, शेजारच्या बाळासाठी तेरा वर्षांच्या मुलीला पगार देणं चालत नाही. आमच्या मते दुसऱ्याचं मूल पंधरा-सोळाच्या आत घेऊच नये. त्यानंतरही दिवसा, त्याच इमारतीत आणि आपल्या घरी कोणीतरी मोठं असताना. त्या घरात आणखी कोण असतं, कोण येतं-जातं ते तुम्ही स्वतः विचारा. अवघडल्यासारखं वाटलं तर मुलीने किंवा मुलाने फोनवर म्हणायला एक साधं वाक्य ठरवा, जसं ‘माझी निळी वही सापडली का?’ ते ऐकलं की प्रश्न न विचारता पाच मिनिटांत दारात. पैसे किती ते आधीच, मोठ्यांनी मोठ्यांशी बोलून ठरवा. ‘घे गं खाऊला’ म्हणत हातात कोंबलेल्या नोटेवर पुढच्या वेळी नाही म्हणता येत नाही.

परत आल्यावर

दार उघडलं की धाकटा अंगावर झेपावतो आणि पहिला सगळा वेळ त्याचाच होतो. त्याला कडेवर घ्या, पण बोला मोठ्याशी. ‘त्रास दिला का?’ असं विचारलं तर ‘नाही’ एवढंच मिळतं. काय खाल्लं, शी-शू कधी झाली, कशावरून रडला, काय सांडलं, कोण आलं होतं, असं एकेक विचारा. भिंतीवर पेनाच्या रेघा दिसल्या तरी पहिल्या दहा मिनिटांत त्यावर बोलू नका.

आणि कधीतरी ते येईल: ‘आई, मी थोडा वेळ फोन बघत होतो, तेव्हा हा सोफ्यावरून पडला.’ आधी धाकट्याचं डोकं चाचपा, किती वाजता पडला ते विचारा, पुढचे 24 तास लक्ष ठेवा. ओरडलात तर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही. ‘बरं झालं सांगितलंस. पण फोन तेव्हाच करायचा होता’ एवढं पुरे. पुढच्या वेळी पुन्हा तोच एक तास द्या. फोन मात्र कपाटावर, रिंगचा आवाज मोठा करून.